हाडं झिजली म्हणून बायकांना बसवून ठेवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी आई सत्तरीची. तीस वर्षं तिनं तासगावात बेदाणा निवडला. गेल्या वर्षी मोरीत पाय घसरला, हात टेकून पडली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर काढलं तेव्हा हात वाळल्या शेंगेसारखा झाला होता. भेटायला येणारी प्रत्येक बाई एकच सांगून गेली, 'आता हाडं झिजली, गप बसून राहा.' आईनं ते खरं धरलं. मला राग आहे तो त्याचाच.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून मोडल्या जागी आलेला पांढुरका फुगवटा दाखवला. ते नवं हाड. सत्तरीत तयार झालेलं! हाड म्हणजे घराचा वासा नव्हे, एकदा घातला की कुजेपर्यंत तोच. ऑस्टिओक्लास्ट पेशी आम्ल सोडून जुनं हाड विरघळवतात, ऑस्टिओब्लास्ट त्या खड्ड्यात नवं भरतात. पोखरायला दोन-तीन आठवडे, भरायला मात्र तीन-चार महिने. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दरवर्षी असा नवा होतो. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं संप्रेरक घटतं, पोखरणाऱ्यांना आवर राहत नाही आणि भरणाऱ्या मागे पडतात.

हाडातल्या ९० टक्क्यांहून जास्त पेशी मात्र तिसऱ्याच, ऑस्टिओसाइट. हाडातच गाडलेल्या. अंगावर किती भार पडतोय ते त्यांना कळतं. पडला तर भरायचा निरोप जातो, नाही पडला तर पोखरायचा. अंतराळात भार नसतो, म्हणून धडधाकट अंतराळवीरांचंही खुब्याचं हाड महिन्याला एक टक्का किंवा जास्तच घटतं. आणि आपण काळजीपोटी घरच्या बाईला कॉटवर बसवतो.

मध्यंतरी आमच्या भागात आरोग्य शिबिर झालं. साखर, बीपी पाहिलं. हाडांचं विचारलं तर कॅल्शियमच्या गोळ्या हातावर ठेवून पुढचा नंबर पुकारला. शिबिरं भरवणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे: पन्नाशीपुढच्या बाईला एवढं तरी विचारा, कधी पडलात का, हाड मोडलंय का, दिवसाला चालता किती? आणि कुणी किती चालावं, किती वजन उचलावं हे सांगणारा फिजिओथेरपिस्ट तिथं बसवा.

आई आता उन्हं आली की गणपतीच्या देवळापर्यंत चालत जाते. परवा तिनं स्वतः पीठ मळून भाकरी थापली. एका कडेला जाड राहिली होती, पण तव्यावर फुगली.

– एक शिक्षिका, तासगाव, जि. सांगली