इन्स्टॉलरला देवनागरी नावाचे फोल्डर वाचता न आल्याबाबत तक्रार पत्र

दि. ८ डिसेंबर २०२५
मंगळवेढा, जि. सोलापूर

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
फोटो एडिटिंग सॉफ्टवेअर विभाग

विषय : सदोष इन्स्टॉलर, तुमच्या मदत कक्षाने दिलेले चुकीचे सल्ले आणि वाया गेलेल्या २३ दिवसांची भरपाई.

महोदय,

मंगळवेढ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. शूटिंग, एडिटिंग, अल्बम हे सगळे मी एकटाच करतो आणि घर त्याच्यावरच चालते. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबले, म्हणून दिवाळीच्या सुमारास विंडोज ११ चा नवा संगणक घेतला. नव्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइली (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेले मूळ फोटो) जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नव्हत्या, त्यामुळे ६ नोव्हेंबरला तुमच्या सॉफ्टवेअरची वर्षभराची वर्गणी घेतली. ७,२०० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८,४९६ रुपये. तुळशीची लग्ने झाली होती, पुढच्या तारखा ठरलेल्या होत्या, हातात दोन लग्नांचे काम होते.

पहिला अडथळा डाउनलोडचा. फाइल साडेचार जीबीच्या वर. आमच्याकडे दिवसातून एक-दोनदा लाइट जाते आणि राउटर बंद पडतो. लाइट आल्यावर डाउनलोड जिथे थांबले तिथून पुढे जायला हवे. तुमच्याकडे ते दर वेळी शून्यापासून सुरू होत होते, कारण लिंकची मुदत तेवढ्यात संपलेली असायची. तीन वेळा असे झाले. चौथ्यांदा ब्राउझरने ‘पूर्ण झाले’ दाखवले, पण उघडायला गेलो तर ‘फाइल खराब आहे’. मूळ फाइल किती मोठी आहे हे तुमच्या पानावर कुठेच लिहिलेले नाही. मग आपल्याकडे अर्धीच उतरली आहे, हे गिऱ्हाइकाने ओळखायचे कसे?

शेवटी सोलापूरला मित्राच्या ऑफिसात जाऊन त्याच्या फायबर लाइनवर ती उतरवली. पेनड्राइव्ह ती घेईना, कारण तो फॅट३२ पद्धतीचा होता आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. यात तुमचा काही दोष नाही. तो एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट केल्यावर काम झाले. तरीही खात्री असावी म्हणून घरी रात्रभर पुन्हा डाउनलोड लावले आणि विंडोजमधल्या सर्टयुटिल या आज्ञेने दोन्ही फाइलींचा एसएचए-२५६ ठसा (फाइलीतील मजकुरावरून निघणारा सांकेतिक आकडा, फाइल जराही बदलली तर तोही बदलतो) काढून ताडून पाहिला. दोन गावांत, दोन वेगळ्या लाइनींवर उतरवलेल्या फाइलींचा ठसा अक्षरन् अक्षर सारखा निघाला. म्हणजे फाइल शाबूत होती. हा पुरावा मी तुम्हाला कळवला, तरीही पुढच्या दोन उत्तरांत ‘आपले इंटरनेट तपासा’ हेच वाक्य आले.

इन्स्टॉलेशन दर वेळी १२ टक्क्यांवर थांबत होते. पडद्यावर फक्त एक क्रमांक आणि ‘अज्ञात त्रुटी’. पहिल्यांदा हे घडले त्या दिवशीच, ११ नोव्हेंबरला, मी तुमच्या मदत कक्षाला पडद्याचे फोटो आणि इन्स्टॉलरची लॉग फाइल (त्याने काय काय केले याची नोंदवही) पाठवली. उत्तर आले : अँटीव्हायरस बंद करा. मग : ॲडमिन म्हणून चालवा. मग : विंडोज नव्याने टाका.

या शेवटच्या सल्ल्याचा मला खरोखर संताप आला. त्या संगणकात दोन घरांच्या लग्नांचे फोटो होते. हळद, सप्तपदी, पाठवणी. त्यातला एकही क्षण पुन्हा टिपता येणार नाही. बॅकअप आहे का, एवढेदेखील न विचारता तुमचा माणूस सगळे पुसायला सांगतो. अँटीव्हायरस बंद करण्याचा सल्लाही तितकाच बेजबाबदार आहे. लोक विश्वासाने आपल्या लेकी-सुनांचे फोटो माझ्याकडे ठेवतात, मी तो संगणक उघडा टाकू शकत नाही.

शेवटी मीच लॉग वाचायला बसलो. शेकडो ओळींत एक ओळ सापडली. तिच्यात तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरचा पत्ता होता आणि माझ्या खात्याच्या नावाच्या जागी चार प्रश्नचिन्हे होती. दुकानदार संगणक चालू करून देत होता तेव्हा त्याने खात्याला नाव काय द्यायचे असे विचारले. माझी मुलगी शेजारी होती. तिने देवनागरीत ‘बाबा’ टाइप केले. विंडोजने त्याच नावाचे फोल्डर केले आणि ते व्यवस्थित चालते. तुमच्या इन्स्टॉलरला मात्र ते वाचता येत नाही. विंडोज देवनागरी फक्त युनिकोडमधून, म्हणजे सर्व लिप्यांतील प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीतून, हाताळते. जो प्रोग्राम अजून युनिकोडपूर्वीच्या पद्धतीने पत्ता वाचतो, त्याला प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह दिसते. ब, काना, ब, काना : चार चिन्हे, चार प्रश्नचिन्हे. आणि विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही, म्हणून इन्स्टॉलर नसलेले फोल्डर शोधत बसतो.

सेटिंगमध्ये जाऊन खात्याचे नाव इंग्रजीत बदलले, तर फोल्डरचे नाव तसेच राहिले. तात्पुरत्या फाइली कुठे ठेवायच्या हे सांगणाऱ्या विंडोजमधल्या टेम्प आणि टीएमपी या दोन्ही नोंदींना सी ड्राइव्हवरच्या इंग्रजी नावाच्या फोल्डरचा पत्ता दिला, तेव्हा इन्स्टॉलेशन ११ मिनिटांत पूर्ण झाले. पण सॉफ्टवेअर बंद केले की सगळी सेटिंग पुसली जायची, कारण तीही त्याच ‘बाबा’ फोल्डरात जपली जातात. इंग्रजी अक्षरांत नवे खाते उघडले, तेव्हा कुठे २९ नोव्हेंबरला सॉफ्टवेअर नीट चालू झाले.

ती ओळ ११ नोव्हेंबरपासून तुमच्याकडे होती. कोणीतरी लॉग उघडून पाहिला असता, तर हे दहा मिनिटांचे काम होते. मधल्या काळात एका लग्नाचा अल्बम मला सोलापूरच्या स्नेह्याकडून पैसे देऊन करून घ्यावा लागला. २४ नोव्हेंबरला परतावा मागितला, तर १४ दिवसांची मुदत उलटली असे उत्तर आले. ते १४ दिवस तुमच्याच सूचना पाळण्यात गेले होते.

तुमच्या जाहिरातीत मराठी फाँटमध्ये लग्नपत्रिका सजवा असे मोठ्या अक्षरांत म्हटले आहे. मराठी माणसाकडून पैसे घेता, तर त्याने आपल्या संगणकावर मराठीत नाव लिहिले म्हणून सॉफ्टवेअर बंद पडणे मला मान्य नाही.

माझे म्हणणे असे. माझी वर्गणी ६ नोव्हेंबरऐवजी २९ नोव्हेंबरपासून धरावी. इन्स्टॉलर दुरुस्त करावा, आणि तोवर डाउनलोडच्या पानावर ही अडचण व तिचा उपाय मराठीत लिहावा. त्याच पानावर फाइलीचा आकार आणि एसएचए-२५६ ठसा द्यावा, तुटलेले डाउनलोड पुढे चालू होईल अशी सोय करावी. आणि बॅकअपची चौकशी केल्याशिवाय विंडोज पुन्हा टाका असे कोणालाही सांगू नये, अशी लेखी ताकीद मदत कक्षाला द्यावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि गरज पडली तर ग्राहक आयोगाकडे जाईन. स्टुडिओ हा व्यवसाय आहे असे म्हणून ती तक्रार टाळता येणार नाही. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी विकत घेऊन स्वतः वापरलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठीची धरलेली नाही.

सोबत : बिलाची प्रत, लॉग फाइल (संबंधित ओळ अधोरेखित), दोन्ही फाइलींचे ठसे, मदत कक्षाशी झालेला सर्व पत्रव्यवहार.

आपला,
एक वर्गणीदार ग्राहक
फोटो स्टुडिओ, मंगळवेढा