पांढरी चादर उचलून पाहा

स्वारगेट किंवा पुणे स्टेशन परिसरात रात्रीपुरती खोली घेणारे प्रवासी चादर पांढरीशुभ्र दिसली की निर्धास्त होतात. ढेकूण मात्र दिवसा सहसा गादीच्या कडेच्या शिवणीत आणि पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागे दडलेले असतात. खोलीत शिरल्यावर बॅग आधी बाथरूमच्या कोरड्या फरशीवर ठेवावी. मग चादरीचा कोपरा उचलून मोबाइलच्या टॉर्चने शिवण पाहावी. पेनाने टिंबे दिल्यासारखे काळे डाग किंवा फिकट तपकिरी कात दिसली तर खोली बदलून मागावी, आणि तीही शेजारची नको. वायरिंगच्या पाइपातून, भिंतीच्या फटींतून ढेकूण पलीकडे जातात.

चादरी, अभ्रे ६० अंश सेल्सिअस पाण्यात धुतले तर ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. गार पाणी आणि भरपूर नीळ यांनी फक्त पांढरेपणा येतो! खरी अडचण ब्लँकेटची. ते प्रत्येक गिऱ्हाइकामागे क्वचितच धुतले जाते. निदान रोज बदलता येईल अशी सुती खोळ तरी त्यावर घालावी. पावसाळ्यात दमट चादरी घडी घालून ठेवल्या की कुबट वास येतो, तो वेगळाच.

औषधफवारणी एकदा करून भागत नाही. फवाऱ्यातून अंडी वाचतात आणि आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी हवीच. लॉजची तपासणी करणाऱ्यांनी या दुसऱ्या फवारणीची पावतीही मागावी.

– एक वाचक, पुणे