अलास्काला निघालेल्या लेकास

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. फेअरबँक्सची नोकरी पक्की झाल्यापासून तुझी आई नुसती थंडीची चौकशी करते आहे. उणे ४० अंशांपर्यंत पारा उतरतो, गाडीचं इंजिनसुद्धा विजेवर गरम ठेवावं लागतं. ते सगळं तिथली माणसं तुला शिकवतीलच. मला सांगायचंय ते निराळं.

अमेरिकेच्या नकाशात अलास्का कोपऱ्यातल्या चौकटीत लहान करून दाखवतात, त्यावर जाऊ नकोस. क्षेत्रफळ सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे साडेपाच महाराष्ट्र, आणि वस्ती साडेसात लाखांच्या आत. राजधानी जुनोला बाहेरून रस्ताच नाही. विमानानं जा, नाहीतर बोटीनं.

१८६७ साली अमेरिकेनं हा मुलूख रशियाकडून ७२ लाख डॉलरना घेतला. 'एकरी दोन सेंट' म्हणून तुला हा सौदा कौतुकानं ऐकवतील. ऐकताना एवढं ध्यानात ठेव, की रशियनांच्या हाती खरं तर किनाऱ्यावरची थोडी ठाणीच होती. सिटकाला तिथल्या मूळ रहिवासी ट्लिंगिट लोकांनी १८०२ मध्ये रशियनांचं ठाणं उद्ध्वस्त केलं होतं; १८०४ मध्ये पुन्हा लढाई झाली. त्याच सिटकाला १८ ऑक्टोबर १८६७ रोजी एक झेंडा उतरला आणि दुसरा चढला. ज्यांची जमीन, त्यांना कुणी विचारलंच नाही! मला हे फार लागतं.

पुढेही 'नेटिव्हांना प्रवेश नाही' अशा पाट्या दुकानांवर लागत. एलिझाबेथ पेराट्रोविच या ट्लिंगिट बाईंनी जुनोच्या विधिमंडळात उभं राहून त्याविरुद्ध साक्ष दिली आणि १९४५ मध्ये भेदभावबंदीचा कायदा झाला. अलास्का राज्य झालं ते त्यानंतर, १९५९ मध्ये. त्यांच्याविषयी मिळेल ते वाच.

जमिनीच्या हक्काचा निकाल लागायला मात्र १९७१ उजाडलं, आणि तेही तेलामुळे. १९६८ मध्ये उत्तरेला प्रूडो बेला तेल सापडलं; हक्कांचा प्रश्न मिटल्याशिवाय तेलवाहिनी टाकता येईना. मग ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि सुमारे ९६ कोटी डॉलर देऊन तडजोड झाली. त्यातून मूळ रहिवाशांच्या कंपन्या उभ्या राहिल्या. तडजोड पुरेशी होती असं मला वाटत नाही, पण नुसत्या आश्वासनापेक्षा ती कितीतरी बरी.

ती तेलवाहिनी फेअरबँक्सजवळूनच जाते, सवडीनं जवळ जाऊन बघ. सुमारे १३०० किलोमीटर लांब, १९७७ पासून चालू. बराच भाग खांबांवर उचललेला आहे, कारण आतलं तेल गरम असतं आणि खालची गोठलेली जमीन वितळली तर वाहिनी खचेल. त्या खांबांतल्या नळ्यांत अमोनिया भरलेला असतो. हिवाळ्यात तो जमिनीतली ऊब वर ओढून हवेत सोडतो. नळ्यांच्या टोकांना पंख्यासारख्या पट्ट्या दिसतील, त्यांचा फोटो मला पाठव. शाळेतल्या मुलांना दाखवायचा आहे.

फेअरबँक्सच्या आसपासचे मूळ रहिवासी अथाबास्कन. कुणाशी ओळख झाली तर त्यांच्या गावाचं नाव विचार आणि मला कळव.

तुझे,
बाबा