जिलबी अडकली, शेव सुटली

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या अंकात मधुमेहावरच्या लेखाने पोह्यांसोबतच्या जिलबीला चांगलेच फैलावर घेतले. घ्यावेच. पण त्याच प्लेटमधल्या मूठभर शेवेबद्दल अवाक्षर नाही, म्हणून हे पत्र.

इथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तीस वर्षे रक्ताचे नमुने घेतले. रिपोर्ट हाती पडला की ठरलेला प्रश्न यायचा : "भाऊ, कालपासून गोडाला शिवलो नाही, मग उपाशीपोटी साखर १३० कशी?" ही साखर ताटातली नसते, यकृतातून आलेली असते. रात्री पोट रिकामे असताना यकृतच रक्तात साखर सोडत राहते. किती सोडायची याचा लगाम इन्सुलिनच्या हाती. यकृतात चरबी ५ टक्क्यांवर गेली की डॉक्टर फॅटी लिव्हर म्हणतात. या चरबीतले काही घटक इन्सुलिनचा निरोप पेशीच्या दारातच अडवतात. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओतते, आणि गंमत अशी की साखर थांबवण्याचा निरोप यकृत ऐकत नाही, चरबी बनवण्याचा मात्र नेमका ऐकते!

प्रयोगातल्या उंदरांना चरबीयुक्त खाणे दिले तर हा बहिरेपणा तीन दिवसांत येतो. फिनलंडमध्ये २०१८ साली जादा वजनाच्या माणसांना तीन आठवडे रोज हजार कॅलरी जास्त खाऊ घातल्या. लोणी-खोबरेलासारख्या संपृक्त चरबीने यकृतातली चरबी ५५ टक्क्यांनी वाढली, साखरेने ३३, सुकामेवा-ऑलिव्ह तेलातल्या असंपृक्त चरबीने १५. जिलबी सुटत नाही, पण एकटी आरोपी नाही. आपल्याकडे फरसाण बरेचदा पामतेलात तळतात आणि त्यातली निम्मी चरबी संपृक्तच. दुकानदाराला तेल कोणते, हे विचारून पाहा. बहुतेकजण आधी हसतात.

त्यातून आपला सराफा, म्हणजे इंदूरची रात्रीची खाऊगल्ली, रात्री दहानंतर रंगात येतो. कचोरी खाऊन माणूस थेट गादीवर. यकृत दुखत नाही, त्यामुळे पत्ताही लागत नाही. सोनोग्राफी दुसऱ्याच कारणाने होते तेव्हा कळते.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर उपाशीपोटीच्या साखरेसोबत कंबरेचे माप आणि तेलाच्या डब्याचाही विषय घ्यावा. हे सारे ठाऊक असून थंडीत मीही गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, कढईपाशी उभा असतो. हल्ली एकच प्लेट घेतो, तीही सौभाग्यवतींबरोबर वाटून.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
रामबाग, इंदूर