म्हातारा झालाय म्हणून दुर्लक्ष करू नका

संपादक महोदय,

आमच्या कुत्र्याला, ब्रूनोला, जखम झाली तेव्हा टाके घालायला डॉक्टरांनी तळहाताएवढे केस काढले होते. जखम भरून तीन महिने झाले तरी तिथे केस काही येईनात. खाज नाही, लाली नाही, काहीच नाही. शेपटीचे केसही झडून ती उंदराच्या शेपटीसारखी दिसायला लागलेली, खाणं होतं तेवढंच पण वजन वाढतंय, फिरायला चल म्हटलं की मान वर करून बघणार आणि परत झोपणार, आणि आम्ही आपले सात वर्षांचा झालाय, म्हातारा झाला बिचारा म्हणून हसत होतो. चेहरा सुजलेला, पापण्या ओघळलेल्या, कायम रडवेला.

निघाला थायरॉईड, म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी कमी काम करत होती. कुत्र्यांमध्ये बहुतेक वेळा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते किंवा ग्रंथी आपोआप सुकत जाते, गोल्डन रिट्रीव्हर, डॉबरमनमध्ये जास्त दिसतं.

पण रक्तात नुसता टी4 (थायरॉईड ग्रंथीचं हार्मोन) कमी आला म्हणून लगेच गोळी सुरू करू नका. दुसरा आजार असला, स्टेरॉईड किंवा फिटचं औषध फिनोबार्बिटोन चालू असलं तरी टी4 खाली येतो, ग्रेहाउंडचा तर मुळातच कमी असतो. आमच्या पहिल्या टेस्टच्या वेळी कानासाठी स्टेरॉईड चालू होतं, ते कोणी विचारलं नाही आणि आम्हीही बोललो नाही, चूक दोघांचीही! ते बंद करून काही आठवड्यांनी टी4, फ्री टी4 (रक्तात मोकळा फिरणारा टी4) आणि टीएसएच (ग्रंथीला कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन) केलं, पहिले दोन खाली, टीएसएच वर, तेव्हा कुठे नक्की झालं.

गोळी माणसांना देतात तीच, लेव्होथायरॉक्सिन, माझी आईही घेते. तिला 50 मायक्रोग्रॅम आणि 30 किलोच्या ब्रूनोला सकाळी 600, रात्री 600! आई घाबरलीच. कुत्र्यांच्या अंगात ही गोळी कमी शोषली जाते आणि लवकर निघूनही जाते म्हणून डोस मोठा, त्यामुळे घरातल्या माणसाच्या हिशोबाने कमीजास्त करायला जाऊ नका. खाण्यासोबत द्यायची तर रोज खाण्यासोबतच, उपाशीपोटी तर रोज उपाशीपोटीच. महिना-दोन महिन्यांनी परत रक्त तपासायचं, तेही गोळीनंतर 4 ते 6 तासांनी. फार धापा टाकतोय, अस्वस्थ आहे, सारखं पाणी पितोय असं दिसलं तर डोस जास्त होतोय का ते डॉक्टरांना विचारा. गोळी जन्मभराची आहे.

दोनेक आठवड्यांत ब्रूनो पट्ट्याचा आवाज आला की दारात उभा राहायला लागला. त्या पॅचवर केस यायला मात्र चार महिने लागले, आणि आलेत ते आधीपेक्षा गडद.

- एक श्वानपालक