घरून काम : आधी ऑफिसचे आयपी बदला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उद्यमबागेतले कारखाने, शहरातल्या पतसंस्था, कर सल्लागारांची ऑफिसे आता खानापूर-निपाणीकडच्या कर्मचाऱ्यांना व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटमधून ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या सुरक्षित वाटेवरून, घरून काम करू देतात. व्हीपीएन ‘कनेक्टेड’ दाखवते, ऑफिसच्या सर्व्हरवरचे टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर) मात्र उघडत नाही. मग नेट स्लो आहे म्हणून महागडा प्लॅन घेतला जातो. दुखणे बरेचदा रूटिंगचे, म्हणजे डेटा कुठल्या वाटेने जायचा ते ठरवण्याचे, असते.

ऑफिसचा राउटर १९२.१६८.१.० या आयपी रेंजवर (नेटवर्कमधल्या यंत्रांच्या पत्त्यांच्या पट्ट्यावर) आणि घरचाही त्याच रेंजवर. सर्व्हर १९२.१६८.१.१० वर असेल, तर लॅपटॉप त्याला घरातल्या घरातच शोधत बसतो. डेटाचे पॅकेट व्हीपीएनच्या टनेलमध्ये शिरतच नाही. अशा वेळी कर्मचाऱ्यांना आपापले राउटर बदलायला लावणे हा उफराटा कारभार. ऑफिसचीच रेंज बदलावी, १०.४७.२०.०/२४ अशी, सहसा कुणाच्या घरी न सापडणारी. काम एका रविवारचे आहे. फक्त प्रिंटर, सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर आणि हजेरीचे बायोमेट्रिक मशीन यांना हाताने घातलेले आयपी आधी कागदावर उतरवून घ्यावेत. सोमवारी सकाळी बोंब होते ती यांचीच.

लॅपटॉपची सगळी इंटरनेट वाहतूक ऑफिसातून फिरवण्याचेही कारण नाही. विंडोजच्या व्हीपीएनमध्ये ‘यूज डिफॉल्ट गेटवे ऑन रिमोट नेटवर्क’ची टिक काढली, की यूट्यूब घरच्या नेटवरून चालते. पण तेवढ्यावर थांबले तर कधी ऑफिसही दिसेनासे होते. ऑफिसच्या रेंजचा रूट (वाट) वेगळा घालावा लागतो. घातला की नाही, ते ‘रूट प्रिंट’ या कमांडने कळते. वायरगार्ड हे व्हीपीएन सॉफ्टवेअर असेल, तर लॅपटॉपवर त्याच्या ‘अलाउड आयपीज’मध्ये ०.०.०.०/० (म्हणजे सगळे पत्ते) याऐवजी ऑफिसची रेंज लिहावी.

व्हीपीएन सर्व्हर राउटरहून वेगळ्या मशीनवर असेल, तर मुख्य राउटरवर व्हीपीएनच्या रेंजचा स्टॅटिक रूट (हाताने घातलेली कायमची वाट) हवाच. नाहीतर मागणी पोहोचते आणि उत्तर इंटरनेटच्या दिशेने जाऊन हरवते. पिंग लागतो, लहान फाइल उघडते, मोठी अडकते, असे झाले तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४२० वरून १३८० करून पाहावा.

हा खटाटोप नको म्हणून दुरून कॉम्प्युटर चालवण्याच्या रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडून देणारेही आहेत. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरला याहून सोपी वाट नाही. उलट व्हीपीएनवरही अकाउंटंटला टॅलीचे मशीन तेवढे दिसावे, डीव्हीआर नव्हे. आणि नोकरी सोडणाऱ्याची व्हीपीएनची ‘की’ (प्रवेशाची किल्ली) त्याच दिवशी रद्द व्हावी.

– एक नेटवर्क तंत्रज्ञ, टिळकवाडी, बेळगाव