पानशेतच्या रस्त्यावर १२ जुलै दिसू द्या

मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात रविवारी खडकवासला चौपाटीवर पाय ठेवायला जागा नसते. निखाऱ्यावरची कणसं, कांदाभजी, आणि पुढे पानशेतकडे गाड्यांची रांग. १२ जुलै १९६१ ला सकाळी याच खोऱ्यातून पानशेतचं पाणी सुटलं, खडकवासल्याचं जुनं धरणही फोडून गेलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या, हे त्या गर्दीतल्या तरुण मुलांना कोण सांगणार?

पानशेत धरणाचं काम अपुरं होतं, तरी पाणी साठलं होतं. आदल्या रात्री लष्कराचे जवान खचत्या बांधावर, भर पावसात, वाळूची पोती रचत होते. त्यांनी ते पाणी काही तास थोपवलं. लोंढा रात्री झोपेत न येता दिवसाउजेडी आला, म्हणून कितीतरी पुणेकर वाचले. ही हकीकत धरण दिसतं तिथेच, रस्त्याकडेला, मोठ्या अक्षरांत हवी.

दुःखाच्या जागा दाखवणं आपल्याला नवं नाही. आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या समाधीपाशी माणसं आपोआप हळू बोलतात. येरवड्यात २०२१ पासून तुरुंग पर्यटन सुरू झालं. पण शनिवारवाड्यातल्या १७७३ च्या खुनाची आपण भुताची गोष्ट करून टाकली. पानशेतचं तसं होऊ नये.

नारायण, शनिवार पेठेत पाणी कुठवर चढलं होतं, त्या उंचीच्या खुणा चौकाचौकांत लावा. तिथून गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या भागांतून पानशेतपर्यंत एक सहल आखा. माहिती सांगायला तो पूर पाहिलेली माणसं घ्या. त्यांनी आता सत्तरी ओलांडली आहे. आधी त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून घ्या.

माळीणची गोष्ट वेगळी. ३० जुलै २०१४ ला तिथे डोंगर खचून १५१ माणसं गेली. वाचलेल्यांची जखम अजून ओली आहे. भीमाशंकरच्या वाटेवरचा आणखी एक थांबा म्हणून ते गाव कुणी विकू नये. गावकरी नको म्हणाले तर विषय तिथेच सोडावा.

साहेब, जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीतल्या घरांत पाणी शिरलं. नदीकाठी घर घेणाऱ्याला पूररेषा नकाशावर कळत नाही, भिंतीवर कळते. पहिली खूण येत्या १२ जुलैच्या आत लागावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक पुणेकर